कारंजं चाललं होतं का

आमच्या भागातल्या बागेची साफसफाई सुरू झाली तेव्हा आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी सकाळी फाटकापाशी जमा, असा निरोप व्हॉट्सॲपवर आला. घरात मी एकटीच होते आणि रविवारचं काही कामही नव्हतं, म्हणून गेले.

तिला बाग फक्त सवयीनं म्हणत. आत कमरेइतकं गाजरगवत माजलं होतं. घसरगुंडीचा पत्रा निघून गेला होता, नुसता जिना उभा होता. हळदीच्या हंगामात एका कोपऱ्यात लोक हळद वाळत घालत, त्यामुळे तेवढीच जमीन साफ राहिली होती आणि अजून पिवळसर दिसत होती. मधोमध कारंजं होतं. गोल हौद, हौदात सिमेंटचं कमळ आणि कमळातून वर आलेला लोखंडी पाइप. हौदात पिशव्या, नारळाच्या करवंट्या आणि एक चप्पल पडली होती.

गवत उपटता उपटता लोक बोलू लागले. एकजण इथं सायकल शिकला होता. एका बाईंना इथल्या बाकावर मुलगा दाखवला होता. पुढं लग्न दुसऱ्याशीच झालं. फाटक पूर्वी कोणत्या बाजूला होतं यावर दोघांचं वाजलं. प्रत्येकाच्या सांगण्यातली बाग थोडी थोडी वेगळी होती, पण त्याची कोणाला अडचण वाटत नव्हती.

साफसफाईसाठी केलेल्या समितीचे प्रमुख एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"ताई, फाटकाजवळ बोर्ड लावायचाय. बागेचा इतिहास. तुम्ही पेपरात होतात, चार ओळी लिहून द्या."

मी हो म्हणाले. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हे कारंजं बुजवून टाकू. व्यायामाची साधनं बसतील इथं. नाहीतरी करायचं काय त्याचं? कधी चाललंच नाही."

"एकदा चाललं होतं," मी म्हणाले.

"तुम्ही पाहिलं?"

"मी लहान होते. आई सांगायची."

आईचं शेवटचं वर्ष सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षात ती कधी कधी दार उघडून निघून जायची आणि बहुतेक वेळा याच हौदाच्या काठावर बसलेली सापडायची. एकदा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं तिला हात धरून घरी आणलं होतं. तो आता विळा टेकवून उभा राहिला.

"काकू मला म्हणल्या, तुझ्या बापानं माही पिशवी ठिवून घेतली, दे. आता बाप जाऊन किती वर्सं झाली! काय करता? दिली म्या एक पिशवी."

लोक हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. गुरुजीही हसले आणि मला म्हणाले, "तुम्हीच सांगा ताई. एवढ्यावर बातमी छापली असती का?"

"नसती," मी म्हणाले.

आणि ते खरंच होतं. मी बाहेरगावी एका दैनिकाच्या डेस्कवर नोकरीची सगळी वर्षं काढली. वार्ताहरांच्या बातम्या तपासायच्या, एकाच्याच तोंडची गोष्ट असेल तर दुसऱ्या कोणाला विचारून घ्यायला सांगायचं, नाहीतर ते वाक्य काढायचं. आईला एकटं ठेवणं अशक्य झालं तेव्हा नोकरी सोडून हिंगोलीला आले.

ती मला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. विकून टाकलेल्या घरातल्या चुलीवर दूध ठेवलंय, ते बघ म्हणायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वाद घालू नका, दुरुस्त करू नका. मी दूध बघून आले म्हणायची. अशाच बोलण्यात ती कारंज्याविषयी विचारायची.

"बागंतलं कारंजं चालू हाय का गं अजून?"

"आहे."

"आपुण दोघी भिजलो व्हतो. बँडवाल्याचा ढोल भिजला अन् तू लई हसली. किती हसावं माणसानं!"

एवढंच. प्रत्येक वेळी जवळजवळ याच शब्दांत. बाकीच्या गोष्टींमध्ये माणसं आणि जागा बदलत राहायच्या, ही बदलत नव्हती. पण न बदलणं हा पुरावा होत नाही.

मला स्वतःला काय आठवत होतं, हे मी अनेकदा तपासून पाहिलं. गर्दीतल्या लोकांचे पाय, मोठा आवाज, ओला परकर. ते माझं होतं की तिनं सांगितल्यावर तयार झालेलं, हे ठरवता येत नव्हतं. माझ्या लहानपणी आई बाहेर फारशी जात नसे. वडील फिरतीच्या नोकरीत, घरात आजारी आजेसासू. आम्ही दोघीच कुठं हिंडायला गेलो, असं दुसरं काहीही मला आठवत नाही. म्हणून ही एक संध्याकाळ खरी होती की आजारात तयार झाली, याला माझ्या दृष्टीनं महत्त्व होतं. समितीपुढं मी यातलं काही बोलले नाही. एवढंच म्हणाले की बुजवण्याआधी पाइप बघून घ्या.

पुढच्या रविवारी प्लंबर आला. त्यानं हौदाच्या कडेला खणलं. कमळातला पाइप हौदाच्या तळाखालून बाहेर येत होता आणि काठापासून हातभर अंतरावर मातीत संपत होता. तोंड उघडं, आत माती भरलेली.

"हितंच खतम," प्लंबर म्हणाला. "पुढं काईच न्हाई. नळाला कधी जोडलंच न्हाई हे."

"आजूबाजूला विहीर, टाकी?" मी विचारलं.

"कशाची टाकी, ताई? असती तर पाइप गेला असता की तिकडं."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "मी इथं बदलून आलो तेव्हा बाग नवीनच होती, रंगाचा वास येत होता. तेव्हापासून बघून राहिलो, थेंब नाही. तुमच्या आईला दोष नाही हो. वय झालं की होतं."

मी पाइपचं उघडं तोंड बघून घेतलं आणि घरी आले.

जुनी वर्तमानपत्रं हा पहिला मार्ग होता. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. इथल्या बातम्या तिकडून जायच्या आणि त्यातल्या थोड्याच लागायच्या. एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्या काळच्या फायली वाळवीनं गेल्या, असं त्यानं सांगितलं. आमच्याकडे फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता.

राहिला ढोल. कारंजं, मी आणि आई सोडली तर तिच्या गोष्टीत चौथी वस्तू तीच होती. उद्घाटनाला बँड असणार, आणि बँड कोणाचा होता हे कोणालातरी माहीत असणार. किराणा दुकानदाराला विचारलं. त्यानं आपल्या आईला विचारलं. आतून उत्तर आलं की तेव्हा चांगला बँड एकच, कनेरगाव नाक्याचा. आमच्या लग्नात बी तोच व्हता.

"काहून विचारून राहिल्या?" दुकानदार म्हणाला. "लग्न बिग्न हाय का कोणाचं?"

"बोर्डासाठी," मी म्हणाले.

सकाळची वाशीमकडे जाणारी एसटी धरली. कनेरगाव नाक्याला उतरून चौकशी केली तेव्हा कळलं, त्या बँडमधला एकच माणूस राहिलाय आणि तो मुलाच्या ढाब्यावर बसतो. ढाबा रस्त्यालाच होता. म्हातारे बाजेवर बसून कांदे सोलत होते. नाव-गाव सांगितलं, वर्तमानपत्रात होते तेही सांगितलं.

"पेपरवाल्या? मंग जेवून जा," ते म्हणाले. "फुकट जेवतेत म्हणं पेपरवाले."

मुलगा गल्ल्यावरून ओरडला, "आबा!"

"काय आबा? खोटं हाय का?"

मी हसले आणि त्यांना बागेच्या उद्घाटनाविषयी विचारलं. पाणी, कारंजं, ढोल यातला एकही शब्द मी उच्चारला नाही. शब्द आपण पुरवले की समोरचा तेच परत देतो.

त्यांनी कांदा खाली ठेवला.

"हिंगोलीची बाग. व्हय, व्हय. त्या बागेपायी शिव्या खाल्ल्या म्या मालकाच्या. माहा ढोल भिजला ना तिथं."

"कसा भिजला?"

"कारंजं सोडलं ना त्याइनं! आमाला उभं केलं हौदाला खेटून. मी म्हणलो, मालक, जरा सरकून उभं राहू, पाणी उडंल. तर न्हाई. हितंच राहा, अन् जोरात वाजवा. थांबायचं न्हाई. काहून? तर भिंतीमागं टँकर उभा केलता, अन् इंजिन लावलं व्हतं. डिझेलचं. ते सुरू झालं की धाड धाड धाड! पाव्हण्याइनं विचारलं आसतं, हा आवाज कशाचा. म्हणून आमी. आमाला काय कारंज्याच्या कौतुकाला बोलावलं न्हवतं बाई, इंजिन झाकायला बोलावलं व्हतं."

मुलगाही आता ऐकत होता. "हे मला तर कधी सांगितलं न्हाई, आबा."

"तू कधी इचारलं?"

टँकरचा नळा हौदाबाहेर आलेल्या त्या पाइपच्या तोंडाला बांधला होता, असं त्यांनी हातानं दाखवलं. फीत कापली आणि पाणी वर गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाऱ्यानं पाणी बँडवर आलं, ढोलाचं कातडं सैल पडलं आणि आवाज बसला. "डब डब. जसा रिकामा पिंप. पोरं हसून राहिली. मी तरी वाजवूनच राहिलो, मालक डोळे वटारत व्हता ना." टँकर रिकामा झाला, पाणी खाली आलं. पाहुणे गेले, नळा सोडला, इंजिन गाडीत घातलं. नळ नंतर जोडू, असं कोणीतरी म्हणत होतं. ते नंतर काही झालेलं नाही.

वहीत लिहून घ्यायची सवय होती, पण मी लिहिलं नाही. एक प्रश्न राहिला होता.

"पुढच्या रांगेत एक बाई होती का? तरणी, सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी. त्याही भिजल्या. मुलगी खूप हसत होती."

त्यांनी विचार केला. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणतील अशी मला भीती वाटत होती. त्यांनी मान हलवली.

"लई बाया व्हत्या, लई लेकरं. मी ढोल सांभाळू का बाया बघू? न्हाई बा. ते काई ध्यानात न्हाई." मग म्हणाले, "कोण व्हती ती?"

"माझी आई. आणि मी."

"आसंल की मंग. तुमी म्हणता तर आसंल."

जेवण त्यांनी घ्यायलाच लावलं आणि पैसे घेतले नाहीत. परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना हळदीची शेतं होती. शेजारी बसलेल्या बाईनं कुठं गेला होता म्हणून विचारलं. मी म्हणाले, पाहुण्यांकडे.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना सगळं सांगितलं. ते मोठ्यानं हसले.

"म्हणजे मी बी बराबर अन् तुमची आई बी बराबर. पण ताई, त्यानं काही बदलत नाही. नळ नाही ते नाहीच."

"नाही बदलत," मी म्हणाले. ते बरोबर बोलत होते. कारंज्याला पाणी आणायचं तर रस्ता फोडून नवी लाइन टाकावी लागली असती, आणि उन्हाळ्यात आमच्याच नळांना पाण्याचा भरवसा नसतो.

बोर्डाच्या मजकुरात मी एक वाक्य घातलं: उद्घाटनाच्या संध्याकाळी येथील कारंजे टँकरच्या पाण्यावर चालवण्यात आले होते. समितीला टँकर नको होता. 'कारंजे चालवण्यात आले होते' एवढंच ठेवा, असं दुकानदारानं सुचवलं. ते वाचून लोकांना वाटलं असतं की कारंजं पूर्वी चालत होतं. मी सगळंच वाक्य काढून टाकलं. बोर्डावर आता बागेचं नाव, क्षेत्रफळ आणि झाडांविषयी दोन ओळी आहेत.

ट्रॅक्टरनं मुरूम आणून हौद भरला. कमळ आधी फोडावं लागलं. मी फाटकाशी उभी राहून बघत होते; मजुरांना वाटलं की मी देखरेखीला आहे, म्हणून ते मला विचारून विचारून माती टाकू लागले. शेवटी मी तिथून निघाले.

संध्याकाळी शिरड शहापूरला मावशीला फोन लावला. आई मला जिच्या नावानं हाक मारायची ती हीच. तिच्याकडे हळद शिजवण्याचं काम चालू होतं, मागं माणसांचा गलका होता.

"मावशी, आई कारंज्याचं सांगायची ते खरं होतं."

"कोणतं कारंजं?"

"बागेतलं. आम्ही भिजलो होतो ते."

"मला तर कधी बोलली न्हाई."

आईनं हे तिला सांगितलं असणार, असं मी इतके दिवस धरून चालले होते. लहानसहान सगळं त्या दोघी एकमेकींना सांगायच्या.

"थांब, बाजूला येते," मावशी म्हणाली. गलका कमी झाला. "हां. सांग आता. काय झालं व्हतं?"

मी सांगितलं. टँकर आणि इंजिन, हौदाला खेटून उभा केलेला बँड, वर गेलेलं पाणी, ढोलाचा बसलेला आवाज. आई आणि मी पुढं उभ्या होतो, दोघी भिजलो, आणि मी खूप हसले. कोणता भाग कोणाकडून आला हे मी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

"कोणतं पातळ नेसली व्हती?" तिनं विचारलं.

"ते माहीत नाही."

ती म्हणाली, "हिरवं आसंल. चार माणसांत जायचं तर तवा तिच्याकडं तेवढंच व्हतं."

"असेल," मी म्हणाले.