कमलेशजींचा दुसरा फोटो

अंबाल्याच्या अलीकडे गाडी धुक्यात अडकली ती अडकलीच. सकाळी पोहोचणार होते, तिथे चंदीगढला उतरायला दुपारचे दोन वाजले. सोबत एक जड लाकडी पेटी होती. तिच्यात बावीस फोटो, काचेसकट. विमानात ही पेटी कोणी धड पोहोचवणार नाही, म्हणून साताऱ्याहून मी रेल्वेनेच आले होते.

गेल्या हिवाळ्यात याच शहराच्या इंडस्ट्रियल एरियात मी तीन आठवडे फिरले होते. छोट्या कारखान्यांत मशीनवर काम करणाऱ्या बायकांचे फोटो काढत होते. आता त्यांचं प्रदर्शन इथल्याच एका कलादालनात भरणार होतं. त्या बायकांपैकी ज्यांना जमेल त्यांनी येऊन बघावं, हा माझा हट्ट होता.

मुक्काम विमानतळाजवळच्या एयरोसिटी वसाहतीत, मामेबहीण मनीषाकडे. ती आणि तिचा नवरा मोहालीत आयटीत आहेत. तिच्या आठ वर्षांच्या इराला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. टेबलावर प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका होती. तिच्यावर छापलेला फोटो न्याहाळत तिने विचारलं, "मौसी, ये आंटी रो क्यों रही हैं?"

"फार कष्ट आहेत गं त्यांना," मी म्हणाले. खरं सांगायचं तर जरा ऐटीतच म्हणाले. तो माझा सगळ्यात गाजलेला फोटो होता.

त्यातल्या बाई म्हणजे कमलेशजी. पन्नाशीच्या, खराद (लेथ मशीन) चालवणाऱ्या. त्यांचे यजमान बलबीरजी नावाजलेले खरादी. एका अपघातात त्यांचा उजवा हात निकामी झाला. पुढची दोन वर्षं ते शेजारी स्टुलावर बसून सांगत राहिले आणि कमलेशजींचे हात शिकत राहिले. आता आसपासचे कारखानदार अवघड काम त्यांच्याकडेच पाठवतात. माझ्या फोटोत त्या मशीनवर ओणवून, तळहाताने डोळे झाकून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कलादालनात फ्रेमा लावत होतो. उद्घाटन त्याच्या दुसऱ्या दिवशी अकराला होतं. संयोजक भाटियाजींनी तो फोटो समोरच्या मोठ्या भिंतीवर एकटाच लावला होता. मी कमलेशजींना एक दिवस आधीच या म्हणून सांगितलं होतं. त्या आल्या आणि शाल सावरत थेट त्या भिंतीसमोर गेल्या.

"एह की है?" (हे काय आहे?) त्यांनी विचारलं.

"आप ही हैं, जी."

"मैं रो नहीं रही. उस दिन आँख में बुरादा गया था." बुरादा म्हणजे लोखंडाचा कीस. "दो मिनट में निकाल के फिर काम पे लग गई थी. तू वहीं तो खड़ी थी."

मला तो दिवस आठवला. होते मी तिथेच. फोटो काढला होता आणि मान खाली घालून पुढच्या कोपऱ्याकडे वळले होते. त्यांना काय झालंय, हे विचारलंसुद्धा नव्हतं.

"बलबीर ये देखेगा तो सोचेगा, मैं उससे छुप के रोती हूँ," त्या म्हणाल्या. "उतार दे इसको."

भाटियाजी धावत आले. पत्रिका वाटून झाल्यात, वर्तमानपत्रवाले हाच फोटो बघायला येणार आहेत. "मैडम, इसी में तो दर्द है!"

"ते दुःख त्यांचं नाहीच आहे," मी मराठीतच बोलून गेले आणि मग हिंदीत सांगितलं, "ये फोटो झूठ है. उतरेगी."

"तो ये दीवार खाली रहेगी. और आगे से आपका काम यहाँ लगेगा, मैं पक्का नहीं कह सकता."

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि फ्रेम स्वतः काढली. कमलेशजींनी ती खालून धरली.

"काम की फोटो चाहिए तो अभी चल," त्या म्हणाल्या. "आज एक शाफ्ट पूरा करना है." शाफ्ट म्हणजे यंत्रातला फिरणारा लोखंडी दांडा.

ऑटोने आम्ही इंडस्ट्रियल एरियाच्या फेज दोनमध्ये त्यांच्या शेडपाशी पोहोचलो, तर वीज गेलेली. सगळ्या गल्लीत सामसूम. बाहेरच्या रेहडीवर (हातगाडीवर) आम्ही दोघींनी कढी-चावल खाल्लं. वाफाळती पिवळी कढी, वर तळलेली लाल मिरची. आत बलबीरजी डाव्या हाताने मशीन पुसत बसले होते. खिडकीतून छान उजेड येत होता. मी कॅमेरा उचलला, तर कमलेशजींनी हात आडवा केला.

"बंद मशीन के साथ नहीं."

मी थांबले. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. खिडकीतला उजेड करडा होत चालला. सकाळी नवी प्रत हवी तर सहापर्यंत फाईल पाठवा, असं छपाईवाल्याने फोनवर बजावलं होतं. साडेतीनला दिवे लागले आणि पलीकडच्या शेडमधून ओरडा उठला. कमलेशजींनी चष्मा चढवला, ओढणी मागे घट्ट बांधली आणि मशीन सुरू केलं.

शेवटचा कट घेताना त्यांचा श्वास थांबला होता. हत्यार शाफ्टला लागलं, लोखंडाची चकचकीत वेटोळी सुटू लागली. त्यांची नजर फक्त त्या एका रेषेवर होती. त्यांच्या खांद्यामागे बलबीरजी स्टुलावरून अर्धवट उठले होते. मी सहा फोटो काढले. मशीन थांबल्यावर कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी एकेक बघितला आणि चौथ्यावर बोट ठेवलं. "एह."

छापलेला नवा फोटो फ्रेमसकट दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला आला. तोवर मोठी भिंत रिकामीच होती. भाटियाजी माझ्याशी बोलत नव्हते, पण खिळा त्यांनीच ठोकला.

कमलेशजी आणि बलबीरजी अकराच्या आधीच आले. बलबीरजी फोटोच्या अगदी जवळ गेले. बायकोच्या चेहऱ्याकडे त्यांनी नंतर पाहिलं. आधी शाफ्ट पाहिला. मग वळून म्हणाले, "कट सही लगा है."

एका वार्ताहर मुलीने कमलेशजींना त्यांच्या दुःखाबद्दल विचारलं. "पहले ये सुन, ये शाफ्ट किस काम आता है," असं म्हणत त्यांनी तिला फोटोपुढे उभं केलं आणि दहा मिनिटं समजावत राहिल्या.

मी परतीचं तिकीट चार दिवस पुढे ढकललं. उरलेल्या एकवीस जणींपैकी बऱ्याच येऊ शकल्या नव्हत्या. शहराबाहेर पार डेराबस्सीपर्यंत जाऊन त्यांना त्यांचे फोटो दाखवले. बहुतेक हसल्या. एकीने प्रत मागून घेतली. दोघी नको म्हणाल्या आणि मी कारण न विचारता ते दोन्ही फोटो भिंतीवरून उतरवले. बाकीचं प्रदर्शन महिनाभर राहणार होतं, त्यामुळे येताना जड झालेले हात जाताना मोकळे होते.

गाडी दिल्ली सोडून पुढे निघाली तेव्हा मी खिडकीशी बसून हिशेब मांडत होते. पंधरा वर्षं मी माणसांचे फोटो काढतेय. लोकांचं खरं जगणं दाखवते, असं भाषणांत सांगत आलेय. पण फोटोतल्या माणसाला तो फोटो दाखवायला किती वेळा गेले? बोटांवर मोजता येईल इतक्या वेळा.

घरी पोहोचल्यावर जुन्या कामांच्या वह्या काढल्या. पहिल्या वहीत कोकणातल्या एका मासे सुकवणाऱ्या बाईंचा नंबर होता. तो लागेल की नाही, शंकाच होती. लागला.

"ताई, मी साताऱ्याहून बोलतेय," मी म्हणाले. "तुमचा एक फोटो माझ्याकडे आहे. तुम्हाला दाखवायला येऊ का?"