माळावरची घरं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — जाऊ द्या, कारण शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल.

गरिबांच्या घरांसाठी मी उभा जन्म घालवला. मंत्रालयात भांडले, दिल्लीपर्यंत जाऊन भाषणं ठोकली. माझं एक ठरलेलं वाक्य — राहणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचं घर बांधू नका! टाळ्या पडायच्या. मी लगेच पुढच्या मुद्द्यावर जायची.

आमची बौद्धवस्ती कडा गावाच्या बाजूच्या एका खेड्यात. शेजारी हौसामावशी. सख्खी नव्हे, पण आई रोजगारावर गेली की मी तिच्याच चुलीपाशी जेवायची. तिचं पातळ, झणझणीत पिठलं — अजून जिभेवर आहे. तिची झोपडी विहाराच्या पाठीला लागून. संध्याकाळी वंदना सुरू झाली की भाकरी थापता थापता ही मोठ्यानं म्हणायची, सुराची पार वाट लावायची. तो बेसूर आवाज एकदा, फक्त एकदा ऐकायला मिळाला तर!

गृहनिर्माण सोसायटीतून वस्तीतल्या झोपड्यांना पक्की घरं मंजूर झाली. मी तिथं नुकतीच कामाला लागलेली. दसरा झाला, झोपड्यांना कुलपं पडली, माणसं ऊसतोडीला निघाली. ट्रकमध्ये चढता चढता मावशीनं माझा हात धरला. "कमल, घर ल्हान दे, पत्र्याचं दे, पर हितंच दे बाई. वंदना ऐकू आली पायजे." मी म्हटलं, देते की!

बैठक लागली ती वस्ती रिकामी असताना. मुद्दाम? असेलही. पण मी तर होते ना तिथं! चेअरमन गावातले बडे बागायतदार. वस्तीची जागा रस्त्याला लागून, त्यांना तिथं दुकानं काढायची होती. घरं लांबच्या माळावर न्यायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला खुर्ची दिली, मॅडम म्हणाले. आमच्यातल्या कुणी त्या कचेरीत खुर्चीवर बसायची ती पहिलीच वेळ. मग विचारलं, तुमच्या लोकांना माळ चालंल ना?

भ्याले होते का मी? नाही हो. खुर्ची गोड लागली, एवढंच. "चालंल," म्हणाले. मग चहा आला, तोही प्याले.

उसाचा हंगाम संपवून माणसं परतली तर माळावर पाये खणून झालेले. झोपड्या हलल्या. विहार तिथंच राहिला, आणि आमचं घर तोवर विटांचं झालेलं, तेही राहिलं.

पुढं दुष्काळ पडला. टँकर गावच्या विहिरीतच रिकामा व्हायचा, माळावर चढायचाच नाही. मावशी म्हातारपणी हंडा घेऊन ती चढण चढायची. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून गावाकडं कान लावायची. काही ऐकू यायचं नाही. मी गेले की मात्र लगबगीनं पिठलं टाकायची, त्याच आणलेल्या पाण्यात.

बायका सोसायटीच्या नावानं बोटं मोडायच्या. मावशी माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांना सांगायची, "कमलला कुनी इचारलंच नसंल. तिला इचारलं असतं तर तिनं ह्ये होऊच दिलं नसतं." मरेपर्यंत हेच सांगत राहिली. आणि मी — मान खाली घालून पिठलं खात राहिले.

मला विचारलं होतं, मावशी.