दिगंबर सर शिकायला बसले

बऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत राहणाऱ्या दिगंबर महाजन सरांचं इंग्रजी ऐकायला लोक कॉलेजच्या व्हरांड्यात उभे राहत. सर इतिहास शिकवायचे. वॉटर्लूची लढाई सुरू झाली की त्यांचा आवाज असा चढे, की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक आपलं शिकवणं थांबवत. कापडाचा एखादा दुकानदारसुद्धा, एक अक्षर कळत नसताना, "महाजन सर बोलतात ना, बस्स, ऐकत राहावं," असं म्हणायचा. सरांना हे ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

छप्पन साली प्रांत बदलले. जुन्या मध्यप्रदेशातला मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला, बऱ्हाणपूर नव्या मध्यप्रदेशात राहिलं. दीडदोन वर्षांत विद्यापीठाचा हुकूम आला, की यापुढे पहिल्या वर्षाला हिंदीतून शिकवायचं. त्याच्या तयारीसाठी उन्हाळ्यात जबलपूरला प्राध्यापकांचा वर्ग भरणार होता.

"शिकवणाऱ्यांना शिकवणार म्हणे!" सर घरी येऊन म्हणाले.

विमलबाई तांदूळ निवडत होत्या. "अहो, जाऊन तर या. बाजारात रोज हिंदीच बोलता की."

"बाजारात वांगी घ्यायची असतात, विमल. नेपोलियन नाही."

तरी गेले. बरोबर अलका होती. एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी, नागपूरहून एम.ए. होऊन आता त्यांच्याच विभागात शिकवणारी.

जबलपूरच्या वर्गाची रीत अशी होती, की एकाने उभं राहून थोडा वेळ शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं आणि शेवटी काय जमलं, काय नाही ते सांगायचं. सरांची पाळी आली. ते खडू घेऊन उभे राहिले आणि नेहमीच्या थाटात म्हणाले, "नेपोलियन का विजय हुआ..."

"की विजय हुई," मागून कोणीतरी हळूच दुरुस्त केलं.

सर थांबले. पुढचं वाक्य इंग्रजीत अगदी जिभेवर होतं, पण हिंदीत त्याचं एकही टोक हाताला लागेना. त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं, असं त्यांना वाटलं.

परत आल्यावर त्यांनी विमलबाईंना सांगून टाकलं, "नोकरी सोडतो. या वयात आपलं हसं नको." हे अलकाच्या कानावर गेलं तशी ती घरी आली.

"सर, सुट्टी आहे. कॉलेज रिकामं आहे. माझ्या एकटीसमोर शिकवून बघा."

बरीच टाळाटाळ करून ते तयार झाले. रिकाम्या वर्गात अलका पहिल्या बाकावर बसली आणि सरांनी फ्रेंच राज्यक्रांती घेतली. अडखळत, शब्द शोधत, चिडत कसाबसा तास संपवला.

"बघितलंस?" ते म्हणाले. "हेच मी इंग्रजीत कसं सांगत होतो, आठवतं तुला?"

अलका पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आठवतं, सर. पण तेव्हा कळत नव्हतं."

"काय?"

"थर्ड इस्टेट म्हणजे एखादी जहागीर असेल, असंच मी समजत होते. तिसरी जहागीर. नागपूरला जाईपर्यंत. तुमचे शब्द पाठ केले म्हणून पहिला वर्ग मिळाला. आम्ही सगळे पाठच करत होतो."

सरांनी फळा पुसला आणि ते निघून गेले.

कितीतरी दिवस ते अलकाशी बोलले नाहीत. आधी राग आला. पहिला वर्ग मिळाला तो कुणामुळे? मग राग ओसरला आणि एकेक चेहरा आठवू लागला. धूलकोटकडच्या खेड्यांतून येणारी, मान खाली घालून भराभर लिहिणारी पोरं. त्यांच्या त्या शांततेला आपण आदर समजत आलो. हिंदी येत नाही हे दुखणं सरांना आता लहान वाटू लागलं.

जुलैत कॉलेज उघडलं. सर अलकाच्या दारात जाऊन म्हणाले, "माझ्या तासाला मागे बसशील? चुकलं तिथे खूण कर."

पहिल्याच तासाला त्यांनी मुलांना सांगितलं, "माझी हिंदी कच्ची आहे. मी चुकलो की तुम्ही सांगायचं. तुम्हाला कळलं नाही की तेही सांगायचं." शिकवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "थर्ड इस्टेट म्हणजे काय?"

देवराम नावाच्या मुलाने गाइडातलं वाक्य घडाघडा म्हटलं.

"बरोबर. पण म्हणजे काय?"

"ते तर नाही मालूम, सर."

सर टेबलाच्या कडेला टेकले. थोडं हिंदीत, थोडं मराठीत सांगू लागले. ज्यांना ना दरबारात मान ना देवळात, आणि कर मात्र सगळा ज्यांच्याच माथी, ती माणसं. जमीन नव्हे, माणसं.

"मग तर आमचं अख्खं गावच आलं त्यात," देवराम म्हणाला. वर्ग हसला, आणि मग प्रश्न सुरू झाले. तास संपला तेव्हा ठरलेला धडा निम्मा राहून गेला होता.

सगळं गोड झालं असं नाही. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून प्राचार्यांनी बोलावून समज दिली. नोट्स मिळत नाहीत म्हणून काही मुलं रुसली. ऐकायला येणारे यायचे थांबले. "सरांचं तेज गेलं," असं गावात कोणीतरी म्हटलेलं त्यांनी स्वतः ऐकलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट. अलका खुणा करतच राहिली, आणि काही दिवसांनी तेही तिच्या तासाला मागे जाऊन बसू लागले. ती फार घाईने बोलते, हे तिला त्यांनीच सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वनस्पतिशास्त्राचे प्रभाकर कोल्हे विभागात आले. माणूस तसा तिरसट. दारातच उभे राहून म्हणाले, "महाजन, उद्या मोकळे आहात का? माझी पोरं फार गप्प असतात हो. येऊन बघता का जरा?"

"येतो," सर म्हणाले. "पण मला झाडांतलं काही कळत नाही."

"तसाच माणूस हवा आहे," कोल्हे म्हणाले.