लाकडी स्टुलावरचं माप

शालिकरामइतका काटेकोर माणूस आमच्या वायरलेसच्या कचेरीत दुसरा नव्हता. काटेकोर माणसाबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप, हे मी अनुभवाने सांगतो. १९८१ साली कचेरीत हातात मावणारे नवे सेट आले. प्रत्येकाला दोन एरिअल होते. एकाला लहर सापडली नाही तर दुसऱ्याने पकडावी, अशी योजना. कुठे किती जोर मिळतो ते शालिकराम दर एरिअलचा एक अशा दोन काट्यांवर पाहायचा, मी वहीत लिहायचो. सीताबर्डीच्या गर्दीत तो एक पाऊल सरकला की काटा पडायचा, आणखी एक सरकला की चढायचा. लोक आम्हाला खुळे समजत.

तो विणकराच्या घरचा. सेट लाकडी स्टुलावर ठेवून हातभर मागे उभा राहायचा. "अंग लागलं का माप बिघडते गा," म्हणायचा. धागे मोजताना घामाचा हात ताण्याला लावायचा नाही, हे बाबांनी त्याला मागावर शिकवलं होतं. मलाही ते पटलं होतं.

खाप्याला कन्हान नदीच्या काठावर पुरावर नजर ठेवायला माणूस हवा होता. शालिकरामने बायकोच्या एकुलत्या धाकट्या भावाला, देवाजीला, ती रोजंदारी मिळवून दिली. स्टूल मांडून जागा मोजली. दोन्ही काटे झकास वर.

"बिनधास्त उभा राह्य," सेट छातीशी बांधून देत तो देवाजीला म्हणाला. "वरून लोंढा आला का मी सांगतो, तू पळ."

भाद्रपदात एका दुपारी लोंढ्याची खबर आली. शालिकरामने पंधरा मिनिटं देवाजीला हाका मारल्या. उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी देवाजी सापडला, सेट छातीशी तसाच बांधलेला.

सेट बिघडला असेल, असं साहेब म्हणाले. शालिकरामला ते पटेना. तेरवी झाल्यावर तो मला घेऊन खाप्याला गेला आणि तसाच दुसरा सेट छातीशी बांधून देवाजीच्या जागेवर उभा राहिला. कचेरीच्या मनोऱ्याकडे तोंड केलं, काटे वर. नदीकडे वळला, मनोरा पाठीमागे गेला, दोन्ही काटे खाली बसले. पुन्हा वळून पाहिलं, तेच.

"मीच अडवून राहिलो गा," तो म्हणाला. "माह्या अंगानंच."

आणि नदीकडे तोंड करून उभं राहणं हीच तर देवाजीची नोकरी होती. मी वही उघडली. वहीतले ते आकडे माझ्याच अक्षरात होते.

घरी गेल्यावर त्याने बायकोला, पंचफुलाला, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.  ती म्हणाली, "मापाले अंग लागू नाही देलं तुम्ही. माह्या भावाले अंग होतं ना."

पुढे निवृत्त होईपर्यंत त्याने प्रत्येक माप सेट छातीशी बांधून, चारही दिशांना वळून घेतलं. भाऊबीजेला पंचफुला चंद्राला ओवाळायची. त्या संध्याकाळी तो कधी अंगणात नसायचा.