उंदरी की राखाडी

इजिप्तमधल्या मन्सूरा शहरात उस्ता बयूमीइतका उर्मट रंगारी दुसरा नव्हता; मुरलेल्या कारागिराला तिथं मानानं उस्ता म्हणत. दुकानातल्या यंत्रावर रंग जुळवणाऱ्यांना तो रंगारी म्हणायलाच तयार नसे. "माझा डोळा शाबूत आहे तोवर यंत्र कशाला?" म्हणायचा. त्या डोळ्याच्या नावावरच त्याला कामं मिळत.

गिऱ्हाइकांचा त्याला मनस्वी तिटकारा. लग्नाआधी घर रंगवायचं नवऱ्यामुलानं, आणि रंग पसंत करायला यायची मुलीची आई, नाक वर करून. असल्यांसाठी उस्ताची एक ठेवणीतली युक्ती होती. एकाच डब्यातून भिंतीवर दोन पट्टे ओढायचे, एकाला उंदरी म्हणायचं, दुसऱ्याला राखाडी. बायका तासभर वाद घालत आणि हा खिडकीत सिगारेट ओढत मनातल्या मनात हसे. अक्कल एकीलाही नाही, हे त्याचं पक्कं मत.

हज करून आलेली हाज्जा इनआमही त्यातलीच निघाली.

"उंदरी? माझी लेक काय बिळात नांदणार आहे? हा उजवीकडचा राखाडी लावा."

"वा हाज्जा, काय नजर आहे!" उस्ता म्हणाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीकडचं सामान आलं. हाज्जा दारातच थबकली.

"उस्ता, हा उंदरी लावलात तुम्ही."

नवरामुलगा तामिर पांढराफटक पडला. उस्ताला मात्र उकळ्या फुटल्या.

"अहो, दोन्ही पट्टे एकाच डब्यातले! वीस वर्षं तुमच्यासारख्या शहाण्यांना असाच बनवतोय मी."

कुणी हसलं नाही. कपाट जिथं लागायचं तेवढी भिंत उस्ता कधीच रंगवत नसे, कोण बघतंय म्हणून. पट्टे अजून तिथंच होते. नवरी रबाब त्याला तिकडे घेऊन गेली.

"एका डब्यातले कसे असतील, उस्ता? हा केवढा काळपट आहे."

पट्टे ओढले त्या दिवशी आदल्या घरचा उरलेला डबा शेजारीच होता, हे उस्ताला आठवलं. तो भिंतीला नाक लागेपर्यंत वाकला. दोन पट्टे, रंग एकच. त्यानं तामिरकडे पाहिलं. बायकांचं सोडा, पुरुषमाणूस तरी खरं बोलेल.

"वेगळेच आहेत, उस्ता," तामिर खाली बघत म्हणाला. "दारातूनसुद्धा कळतंय."

तो हाज्जाकडे वळला.

"हाज्जा," त्यानं हळूच विचारलं, "काळपट कुठला?"