मामांचा अमेरिकेतला भाऊ

माझ्या मामांना इंग्रजीचं अक्षर कळत नसे, तरी अमेरिकेतल्या एका दिवंगत ब्लूज गिटारवादकाला ते सख्खा भाऊ मानत. "त्याचेही बापजादे गावाबाहेरच रायले, आपलेही. त्याची गिटार रडली, तं मले शब्द कायले पायजे?" असं म्हणायचे.

मामा आता नाहीत. उभं आयुष्य त्यांनी भीमगीतांच्या पार्टीत बेंजो वाजवला आणि साठीला टेकल्यावर गिटार धरली. कोणीतरी मेमरी कार्डात भरून दिलेली त्या माणसाची गाणी ऐकत शिकले. मग दारव्ह्यात त्याच्या नावाने पार्टीच काढली. मामांची गिटार, एक पेटी आणि विलासची ढोलकी. व्यवस्था माझ्याकडे: वायरी, जीप, पाणी, जेवण. यादीत सगळ्यांवर खूण झाल्याशिवाय मी गाडी हलू देत नसे. "हे पोरगी यमाचीही हजेरी घेईन," मामा म्हणत.

ब्लूजचं व्याकरण त्यांनी आपल्यापुरतं सोपं केलं होतं. "पयली ओळ दोनदा म्हनाची. एकदा लोकाईसाठी, एकदा सोतासाठी. तिसरीत खरं सांगाचं." चाल त्या भावाची, शब्द मामांचे, तेही वऱ्हाडी.

पण बोलावणार कोण? लग्नात लोकांना नाचायचं असे. शेवटी वरातीत दणका उडवणाऱ्या एका धुमाल पार्टीने विलासला बोलावलं. तो मामांना स्पष्टच म्हणाला, "मामाजी, बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात पब्लिक थांबली तं मी थांबतो. नाही तं धुमाल." विलास गेला की पार्टी संपली, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी मंडळाने आम्हाला अर्धा तास दिला. मामांचा रिवाज असा, की वाजवण्याआधी भावाचा फोटो खुर्चीवर ठेवायचा, हार घालायचा, मेणबत्ती लावायची. ते मी केलं. तेवढ्यात उशिरा आलेले प्रमुख पाहुणे मंचावर चढले, त्यांनी हार घातलेला फोटो पाहिला आणि थेट माइक घेतला. "या दुःखद प्रसंगी आपण सर्व दोन मिनिटं उभे राहू."

सगळं मैदान उभं राहिलं. बायांनी डोक्यावर पदर घेतले. माझ्या यादीत श्रद्धांजली नव्हती.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मामांनाच विचारलं, "कोन होता रे बापू?"

"माहा भाऊ होता, माय."

खुलासा करायला मी माइककडे निघाले, तर मामांनी हातानेच थांबवलं. दुखवट्याला उभं राहिलेलं मैदान पाहून विलास घाबरला. "मामाजी, गमीत ढोलकी वाजवू?"

"वाजव. तोही गमीतच वाजवे."

आणि मामांनी सुरुवात केली:

"जीप गेली दारव्ह्याची, मी रायलो फाट्यावर..."

टाळी नाही, खोकला नाही. गिटारने ओळ उचलून उत्तर दिलं. मामांनी पुन्हा तीच ओळ म्हटली. मग तिसरी:

"जिनं जागा धरली व्हती, ते बसली दुसऱ्याच्या पाटावर!"

म्हातारी पदराआड फिसकन हसली. "मेल्यानं खरं सांगतलं वं!"

तिच्या मागची रांग हसली, आणि मग कोणी कोणाला आवरलं नाही. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ मामांनी एकदाच म्हटली; दुसऱ्यांदा ती मैदानाने म्हटली. तिसऱ्या कडव्याला मामांनी गाणं लोकांवर सोडलं आणि नुसती गिटार वाजवली. पाहुणे मांडीवर ताल धरून होते. श्रद्धांजलीला वन्स मोअर मिळालेला मी तेवढा एकदाच ऐकला. अर्धा तास कधीच उलटला होता. पुढचे वक्ते भाषणाचे कागद घेऊन उठले, तेव्हा लोकच ओरडले, "बसा हो सायेब, आधी याच्या भावाचं होऊ द्या!"

मी वायरी गुंडाळत होते, तेव्हा विलासचा फोन वाजला. पलीकडे धुमालवाले होते.

"नाही जमत, दादा. आमच्यात गमी झाली ना... कोन म्हंजे? मामाजीचा भाऊ... नाही बापा, पुढच्या महिन्यातही नाही. हे सुतक आता जन्मभर वाजवाचं हाय."