होडीवर उभं राहण्याची रीत

पोलिसाच्या नोकरीत फाइल बंद झाली तरी काही प्रकरणं डोक्यातून जात नाहीत. त्यातलंच हे, २००३ सालचं, मालवण किनाऱ्यावरचं.

जाळी तोडल्यावरून पहाटे समुद्रात दोन होड्यांची जुंपली. एका होडीवरून तोंडाला टॉवेल गुंडाळलेल्या माणसाने गावठी कट्ट्यातून गोळी झाडली आणि समोरचा खलाशी खांद्यात जखमी झाला. दुसऱ्या दिवशी फोनवर खबर मिळाली, कट्टा गोळी झाडणाऱ्या होडीवरच्याच अमक्या खलाशाच्या खोपीत आहे. पंचांसमक्ष झडती घेतली आणि मुद्देमाल हाती लागला. खलाशी लगेच म्हणाला, "होय, मीच मारलंय."

इतक्या झटपट मिळालेली कबुली मला कधीच पचली नाही.

त्याच सुमारास माझा वार्षिक गोळीबाराचा सराव डोक्यावर होता. आधीच्या वर्षी मी सपशेल नापास झालो होतो. सराव घेणारे उस्ताद म्हणाले होते, "अंग आडवं करून एका हाताने उभं राहायचं की समोर तोंड करून दोन्ही हातांनी, एकदाचं ठरवा आणि तेच घोटा." म्हणून सावंतवाडीचं लाकडी खेळण्यातलं पिस्तूल घेऊन मी ठाण्याच्या पडवीत आडवा उभा राहून हात ताणत होतो. जबाबासाठी बाहेर आणलेला तो खलाशी बघत होता. त्याला हसू आवरेना.

"साहेबानु, असे उबे ऱ्हवलात तर होडयेर पडशात. पाय फाकवा, गुडगे ढिले सोडा."

मी तसा उभा राहिलो. हात खरंच स्थिर झाला! मग सहज म्हणालो, "पण तू तर आडवाच उभा होतास. गोळी सुटली आणि तू पाण्यात पडलास. साक्षीदारांनी पाहिलंय."

तो ताडकन उठला. "मी पडलंय? होडयेतसून? वीस वर्सां दर्यार आसंय मी!"

बोलून गेला आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. मग सगळं सांगितलं. गोळी झाडून पाण्यात पडला तो होडीच्या मालकाचा मुंबईहून आलेला पुतण्या. गुन्हा अंगावर घे, तुझ्या मुलीचं लग्न मी लावून देतो, असा मालकाचा शब्द होता. पुतण्याला उचलल्यावर त्यानेही कबूल केलं.

खलाशी सुटला तेव्हा मी खुशीत होतो. तो नव्हता. ठाण्याच्या पायरीवर थांबून म्हणाला, "उबो कसो ऱ्हवाचो ता माजेकडसून शिकलात. आता माका खंयच्या होडयेर उबो करतलात?"

त्या वर्षी मी पास झालो, त्यानेच शिकवलेल्या पद्धतीने. त्याच्यासाठी तीन मालकांकडे शब्दही टाकला, पण मालकाचं नाव सांगणाऱ्याला कोणी होडीवर घेईना. निरपराध माणूस सुटला की पोलिसाचं काम संपलं, असं मी तोवर समजत होतो.